पंडिता रमाबाईंच्या घरच्या दोघी

थोरामोठ्यांची चरित्रं वाचताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. पहिल्या दोन पानांत आईचं नाव येतं. ती प्रेमळ होती, धर्मपरायण होती, एवढं एखादं वाक्य तिच्या वाट्याला येतं आणि पान उलटलं की चरित्रनायक मोठे होऊन कामाला लागलेले असतात. थोरल्या बहिणीला तर तेवढंही मिळत नाही. एक बहीण होती, की संपलं! ती काय करत होती, तिचं पुढे काय झालं, हे विचारायला कुणाला सवडच नसते.

पण मैत्रिणींनो, घर कशावर उभं असतं हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला नको. आई आणि तिच्या हाताखाली वावरणारी थोरली मुलगी, या दोघींच्या आधारावर बाकीची भावंडं वर येतात. म्हणून आज मी तुम्हाला एका फार मोठ्या बाईविषयी न सांगता तिच्या आईविषयी आणि थोरल्या बहिणीविषयी सांगणार आहे. मोठी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आईचं नाव लक्ष्मीबाई डोंगरे आणि थोरल्या बहिणीचं नाव कृष्णाबाई.

रमाबाई आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या, त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर कमिशनपुढे मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात असं बजावून सांगणाऱ्या, १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडणाऱ्या आणि पुढे केडगावला शेकडो निराधार बायकामुलींची आई झालेल्या रमाबाई. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून वादळ उठलं. तो विषय आज बाजूला ठेवू. या बाईची विद्या आली कुठून, एवढाच आजचा प्रश्न.

मी एका शाळेत अर्धा वेळ शिकवते. वर्गात हा प्रश्न विचारला की मुली एका सुरात उत्तर देतात, "वडिलांकडून!" उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. ते पुरं करायचं तर थोडं मागे जायला हवं.

नऊ वर्षांची नवरी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मूळचे मंगळूरकडचे. विद्येसाठी पुण्याला आले आणि रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकू लागले. हे शास्त्रीबुवा दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत असत. बाईमाणूस संस्कृत श्लोक म्हणतेय, हे तरुण अनंतशास्त्र्यांनी पाहिलं आणि त्यांच्या मनाने घेतलं की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. घरी जाऊन त्यांनी तसा प्रयत्न केला. पण घरच्यांना ते पसंत नव्हतं, बायकोलाही गोडी नव्हती. तो बेत तिथेच राहिला. पुढे ती पत्नी वारली.

बऱ्याच वर्षांनी शास्त्रीबुवा तीर्थयात्रेला निघाले असताना गोदावरीच्या घाटावर एक कुटुंब भेटलं. आईवडील आणि दोन मुली, एक नऊ वर्षांची, एक सात वर्षांची. दोन घटका बोलणं झालं. विधुर आहेत, विद्वान आहेत, एवढं कळल्यावर त्या गृहस्थांनी आपली नऊ वर्षांची मुलगी देऊ केली. दुसऱ्या दिवशी लग्न लागलंसुद्धा! नवरा चाळिशी ओलांडलेला. मुलीचे आईवडील आपल्या यात्रेला पुढे निघून गेले आणि ती पोर एका अनोळखी माणसाबरोबर शेकडो मैल लांबच्या मुलखात गेली. माहेरचं गाव नाही, ओळखीची भाषा नाही, पाठवणीला कुणी नाही. आज नऊ वर्षांच्या मुलीला आपण कोपऱ्यावरच्या दुकानात एकटीला पाठवताना दहादा बजावतो!

ही नऊ वर्षांची नवरी म्हणजे लक्ष्मीबाई.

तिचं नशीब एका बाबतीत चांगलं. नवरा मायाळू निघाला आणि त्याने तिला शिकवायला घेतलं. पण घरात पुन्हा तोच विरोध. बायकोला संस्कृत शिकवायचं म्हणजे काय! तेव्हा अनंतशास्त्र्यांनी घर सोडलं आणि सह्याद्रीच्या माथ्यावर, गंगामूळच्या रानात जाऊन राहायचं ठरवलं. आजच्या कर्नाटकात, तुंगा आणि भद्रा जिथे उगम पावतात तो हा भाग. पहिली रात्र उघड्यावर काढावी लागली. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडत होता. ती मुलगी अंगाभोवती पासोडी घट्ट गुंडाळून भीतीने थरथरत जमिनीवर पडून राहिली आणि नवरा उजाडेपर्यंत पहारा देत बसला. शिकण्यासाठी एवढी किंमत मोजलेली दुसरी बाई मला तरी माहीत नाही.

पुढे तिथे घर उभं राहिलं. लक्ष्मीबाई शिकल्या आणि चांगल्या शिकल्या. त्याचा बोभाटा झाला. शास्त्रीबुवांना उडुपीच्या मठात जाऊन पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले, की वेद सोडून बाकीचे पुराणादी ग्रंथ स्त्रियांनी शिकायला शास्त्राची आडकाठी नाही. पंडितांना ते खोडता आलं नाही.

मात्र एक गोष्ट आपण बायकांनी ध्यानात घ्यायची. सभेत वाद घालून शास्त्रीबुवा जिंकले, पण घरात ते शिक्षण पेलायचं काम लक्ष्मीबाईंचं होतं. रानातलं घर, शिकायला येऊन राहिलेले विद्यार्थी, वाटेने येणारे यात्रेकरू, या सगळ्यांचा स्वयंपाक, गुरंढोरं, लहान मुलं. एकूण सहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली. उरली कृष्णाबाई, मुलगा श्रीनिवास आणि सगळ्यांत धाकटी रमा. रमेचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. आल्यागेल्याचं करता करता कर्ज झालं आणि रमा सहा महिन्यांची असताना गंगामूळचं घर सोडावं लागलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगरावरून खाली आणलं. तिथून पुढे या कुटुंबाला घर असं राहिलंच नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर गुजराण करायची आणि पुढच्या गावाला निघायचं.

पहाटेची शाळा

थोरल्या दोन मुलांना शास्त्रीबुवांनी स्वतः शिकवलं. रमेच्या वेळेपर्यंत ते म्हातारे झाले होते. मग धाकटीला शिकवायचं काम आईने अंगावर घेतलं. रमा आठ वर्षांची झाल्यापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत आईनेच तिला शिकवलं, असं रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आता सांगा, त्या मुलींचं "वडिलांकडून!" हे उत्तर अर्धंच नव्हतं का?

बरं, शिकवायला वेळ कोणता? दिवसभर चालणं, नाहीतर काम. लक्ष्मीबाईंनी वेळ काढला तो पहाटेचा. सकाळची कामं सुरू होण्याआधी, पाखरं किलबिलायला लागत त्या वेळी, त्या जमिनीवर झोपलेल्या लेकीला हळूच उचलून घेत, लाडाने जागं करत आणि मांडीवर घेऊन पाठ देत. पुस्तक नाही, पाटी नाही. आईने म्हणायचं आणि लेकीने मागून म्हणायचं.

अशा रीतीने रमेला बाराव्या वर्षापर्यंत अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते म्हणतात. आकडा ऐकला की छाती दडपते. पण मी शिक्षिका पडले, म्हणून हिशोब करून पाहिला. आठव्या वर्षापासून बारा वर्षांपर्यंत म्हणजे चार वर्षं, सुमारे चौदाशे साठ दिवस. रोजचे बारा-तेरा श्लोक. एवढंच! आकडा थोडा कमीजास्त धरला तरी मुद्दा तोच राहतो. रोज न चुकता, थोडं थोडं. एकही दिवस आजचं राहू दे, उद्या दुप्पट करू असं न म्हणता. मुलांचा अभ्यास परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घ्यायला बसणाऱ्या आपल्यासारख्यांनी या बाईकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मांडी. मूल रागावून जागं केलं, चिडून बसवलं, तर श्लोक तोंडात जाईल, पण राहणार नाही. आईचा स्पर्श आणि पाठांतर यांची त्या मुलीच्या मनात जी गाठ बसली ती कायमची. पुढे कलकत्त्याच्या विद्वानांपुढे रमाबाई अस्खलित संस्कृतात बोलल्या आणि त्या मंडळींनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' असं गौरवलं. ते १८७८ साल. कलकत्त्याच्या सभेत ऐकू गेलेली ती वाणी लक्ष्मीबाईंच्या मांडीवर घडली होती. पण तो मान पाहायला लक्ष्मीबाई नव्हत्या. त्यांच्याकडे वळण्याआधी थोरल्या लेकीची गोष्ट सांगायला हवी.

पुढच्यास ठेच

कृष्णाबाई घरात थोरली. शिकलेल्या आईवडिलांची मुलगी, स्वतः शिकलेली. पण लग्नाच्या बाबतीत शास्त्रीबुवा त्या वेळी रूढीनेच चालले. तिचं लग्न लहानपणीच करून दिलं. जावयाला शिकवून शहाणं करू असा त्यांचा बेत होता. तो साधला नाही. नवरा शिकला नाही आणि मुलीचा संसार काही उभा राहिला नाही. लग्न झालेलं असून ती आईवडिलांबरोबरच पायी हिंडत राहिली.

या अनुभवाने आईवडील पोळले. त्यांनी मनाशी ठरवलं की धाकटीचं लग्न लहानपणी करायचं नाही. त्या काळात ही केवढी मोठी गोष्ट होती ते लक्षात घ्या. दहा वर्षांची मुलगी बिनलग्नाची घरात राहिली तर आईवडिलांना जातीत तोंड दाखवणं मुश्कील होत असे. तरी त्यांनी रमेला राहू दिलं आणि ती शिकत गेली. लग्न केलं ते १८८० साली, बावीस वर्षांची झाल्यावर, स्वतःच्या पसंतीने, बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी. आपल्याला बालपणी लग्नात ढकलून अज्ञानात लोटलं नाही याबद्दल रमाबाईंनी आईवडिलांचे उपकार पुढे मोकळेपणी लिहिले.

आपल्यात म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हण खरीच आहे. रमाबाईंचं सगळं आयुष्य तिचा पुरावा आहे. पण ही म्हण मागच्याच्या शहाणपणाचं कौतुक करते. पुढच्याच्या अंगठ्याचं काय झालं, हे ती विचारतच नाही! कृष्णाबाईला ठेच लागली म्हणून रमाबाई शिकल्या. थोरलीचा संसार फसला म्हणून धाकटीला मोकळं बालपण मिळालं. रमाबाईंच्या नावाने आपण भाषणं करतो, तेव्हा कृष्णाबाईचं नाव कुणी घेतलेलं मी अजून ऐकलं नाही.

आणि दुसरी म्हण आठवा, पहिली बेटी धनाची पेटी. किती गोड वाटते ऐकायला! पण पेटी कशासाठी असते? लागेल तेव्हा उघडून त्यातलं काढायला. घरोघरी हेच चालतं. थोरलीचं बालपण काढायचं आणि धाकट्यांना द्यायचं. थोरलीची शाळा काढायची आणि भावाला द्यायची. ती पेटी पुन्हा भरायची आठवण मात्र क्वचितच कुणाला होते.

बाजरीची भाकरी

१८७० नंतरच्या वर्षांत दक्षिणेत दुष्काळ पडू लागला. पुराण ऐकायला कोण येणार आणि दक्षिणा कोण देणार? होतं नव्हतं ते विकून झालं. एका वेळी तर या कुटुंबाने रानात अकरा दिवस पाला आणि पाणी यांवर काढले. १८७४ साली शास्त्रीबुवा गेले. त्यानंतर दीडेक महिन्यातच लक्ष्मीबाईंनी अंथरूण धरलं.

तापाच्या ग्लानीत त्या खायला मागत. घरात काही नव्हतं. ज्या मुलीने जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता, ती रमा शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. दारात उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटेना, नुसतं रडू यायला लागलं. त्या घरच्या बाईने न विचारता ओळखलं आणि भाकरी हातावर ठेवली. रमा ती घेऊन धावत आईकडे आली. पण आईला आता घास गिळता येत नव्हता.

त्या माउलीच्या शेवटच्या प्रवासाला माणसं मिळेनात. मसणवटा तीन मैलांवर. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा खांदा श्रीनिवासाचा आणि चौथा रमेचा. ती बुटकी होती, खांदा पुरेना, म्हणून सोळा वर्षांच्या त्या मुलीने आईचा भार डोक्यावर घेतला. त्या काळी बायकांनी स्मशानात जायचीसुद्धा रीत नव्हती.

लक्ष्मीबाईंच्या मागोमाग काही महिन्यांत कृष्णाबाईही गेली. आईवडील आणि बहीण, तिघंही दुष्काळाने नेली. उरलेली दोन भावंडं हजारो मैल पायी चालत शेवटी कलकत्त्याला पोचली. १८८० साली श्रीनिवासही गेला आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच, १८८२ साली, पतीही पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. अशा स्थितीत रमाबाई पुण्याला परत आल्या आणि कामाला लागल्या.

आईच्या नावाने

१८८७ साली रमाबाई अमेरिकेत होत्या. हिंदुस्थानातल्या बायकांचे हाल तिथल्या लोकांना कळावेत म्हणून त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं ते पुस्तक फिलाडेल्फियाला छापलं गेलं. बालविवाह, वैधव्य, सासुरवास, सगळं त्यात आहे. आपल्या इकडे त्याच वेळी गाजत असलेल्या रखमाबाईंच्या खटल्याविषयीही त्यात लिहिलं आहे. न कळत्या वयात झालेलं लग्न मी मानत नाही असं म्हणणारी ती मुंबईची धीट मुलगी, पुढे डॉक्टर झाली. रखमाबाईंची कैफियत लिहिताना रमाबाईंच्या डोळ्यांपुढे आपली थोरली बहीण उभी राहिली असेल, असं मला फार वाटतं.

हे पुस्तक त्यांनी कुणाला अर्पण करावं? मोठमोठी माणसं त्यांना ओळखत होती. मदत करणाऱ्या अमेरिकन बाया होत्या. पण रमाबाईंनी ते आपल्या आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या स्मृतीला अर्पण केलं. आईचा सहवास आणि आईची शिकवण हाच आपल्या आयुष्यातला उजेड, असं तिथे त्यांनी स्पष्ट म्हटलं. रानात पासोडीत गुरफटून थरथरणाऱ्या त्या नऊ वर्षांच्या मुलीचं नाव सातासमुद्रापार छापलं गेलं!

अमेरिकेतल्या लोकांच्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींत एक होती गोदूबाई. १८९३ साली तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं आणि ती आनंदीबाई कर्वे झाली, आपल्या सगळ्यांची बाया कर्वे. अण्णासाहेबांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, तो पुढे हिंगण्याला गेला. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. घरसंसार सांभाळून बाहेरून परीक्षा देऊन पदवी मिळवलेल्या किती बायका आपल्या ओळखीत असतील! ही साखळी मागे मागे नेत गेलं तर कुठे पोचतो आपण? पाखरं किलबिलायच्या वेळी लेकीला मांडीवर घेऊन बसलेल्या एका आईपाशी. आपलं हे रोजचं मुलांना बसवणं आणि पाठ म्हणून घेणं कुणी मोजत नाही, म्हणून ते लहान समजू नका.

आपल्या घरातली थोरली

आता म्हणाल, हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं. आता कायदे आहेत. खरंच आहेत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, १९७८ साली ते अठरा झालं. २००६ चा बालविवाहाला बंदी घालणारा कायदा आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २०१० साली अमलात आला. पण घरातल्या थोरलीच्या मानेवरचं जू कुठल्या कायद्याने उतरत नाही. ते आपल्यालाच उतरवावं लागतं.

माझ्या वर्गात हजेरी घेताना मला अजून कळतं, कोण घरातली थोरली आहे. आई आजारी पडली की गैरहजर ती. धाकट्याला ताप आला की घरी राहिली ती. पाहुणे आले, मंगळागौर आली, कुणाचं बाळंतपण आलं, की तिची चिठ्ठी येते. भावाची चिठ्ठी येते ती त्याला स्वतःला बरं नसलं तरच. हुशारीत या मुली कुठे कमी नसतात. उलट जबाबदारीने वागायची सवय असल्यामुळे वर्गाचं कामही त्याच करतात. फक्त दहावीनंतर त्यातल्या काहींची नावं पुढे कुठे दिसत नाहीत.

आईवडील दुष्ट असतात का? मुळीच नाही. शास्त्रीबुवांसारखा बायकोच्या शिक्षणासाठी घर सोडणारा माणूससुद्धा थोरलीच्या बाबतीत चुकला. कारण पहिल्या मुलाच्या वेळी आपण आईबाप म्हणून नवखे असतो. पहिला घाणा तळताना तेलाचा अंदाज यायचा असतो. पण कढईतली चकली बिघडली तर बाजूला काढता येते, मुलगी नाही काढता येत! म्हणून अनुभवाचे चार शब्द सांगते. पटलं तर घ्या.

'तू मोठी ना, मग समजून घे' हे वाक्य दिवसातून किती वेळा आपल्या तोंडून जातं ते एकदा मोजून बघा. सात वर्षांची मुलगी पाच वर्षांच्या भावापेक्षा मोठी असते, पण ती सातच वर्षांची असते.

घरकाम सगळ्या मुलांना वाटून द्या. पानं घेणं, पाणी भरणं, कपड्यांच्या घड्या, अंथरुणं काढणं, यातलं कुठलंच काम मुलग्याच्या हाताला न येण्यासारखं नाही. थोरलीने काम करू नये असं मी म्हणत नाही. कामाने मुलगी हुशार होते. पण सगळ्या भावंडांचं मिळून तिने एकटीने करायचं हे काम नव्हे, वेठ आहे.

रोजचा एखादा तास तिचा म्हणून राखून ठेवा. त्या वेळात तिला हाक मारायची नाही. अभ्यास करो, चित्र काढो की नुसती खिडकीत बसो. लक्ष्मीबाईंनी पायी हिंडत असताना धाकटीसाठी वेळ काढला, आपल्याला चार भिंतींच्या घरात थोरलीसाठी काढता येणार नाही?

आणि तिच्या लग्नाची घाई पाठच्यांसाठी करू नका. 'हिचं झालं की मग त्या दोघींचं बघता येईल' हे आपण सहज बोलून जातो. पण त्या रांगेत पहिली उभी असल्याचा दंड तिला का? तिचं शिक्षण पुरं होऊ दे, तिला स्थळ पसंत पडू दे. मागच्या थांबतील. थांबल्याने कुणाचं काही बिघडत नाही, घाईने मात्र बिघडतं.

एक वही घाला

शेवटी एक सांगते आणि थांबते. लक्ष्मीबाईंची हकिकत आपल्याला आज कळते ती लेकीने लिहून ठेवली म्हणून. रमाबाईंनी आईची पहाट, आईची उपासमार, आईचं शिकवणं लिहिलं नसतं, तर तीही 'प्रेमळ, धर्मपरायण' या दोन शब्दांत संपली असती. कृष्णाबाई तर जवळजवळ तशी संपलीच.

तुमची आई असेल, थोरली बहीण असेल, थोरली जाऊ असेल. तिच्यासाठी एक वही घाला. दुपारी निवडणं-टिपणं करताना बोलणी निघतातच, ती रात्री दोन ओळींत उतरवून ठेवा. हल्ली मोबाइलवर आवाजही टिपता येतो, पण लिहिलेलं जास्त टिकतं असा माझा अनुभव. काय विचारायचं? माहेरचं नाव काय होतं? शाळा कुठल्या इयत्तेपर्यंत झाली आणि का सुटली? कुठल्या भावंडाला अंगाखांद्यावर वाढवलं? पहिल्यांदा स्वयंपाक एकटीने केला तेव्हा वय काय होतं? कुठली ओवी कुणाकडून शिकली? अंगावर दुखणं काढलं ते कोणतं? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, काय करायची फार इच्छा होती आणि राहून गेली? हा शेवटचा प्रश्न जरा हलक्या हाताने विचारा. कित्येक बायकांना हा प्रश्न जन्मात कुणी विचारलेला नसतो. पहिल्या दिवशी 'छे गं, कसली इच्छा' एवढंच उत्तर येईल. आठ दिवसांनी, पोळ्या लाटता लाटता, खरं उत्तर येईल.

आणि ते उत्तर आता पुरं करण्यासारखं असेल, तर वहीत लिहून थांबू नका. तिला हार्मोनियम शिकायची असेल, काशीला जायचं असेल, की नुसती सही करायला शिकायचं असेल, ते या वर्षी जमवा. पन्नाशीच्या, साठीच्या थोरलीने पाटी हातात घेतली तर घरातल्या कुणीही हसू नये, याची जबाबदारी मात्र तुमची.